नेमबाजीच्या रसिकास चार जुने खेळ

संगणकावर नेमबाजीचे खेळ खेळणाऱ्या तरुणांची आज वाण नाही. त्यांतील एखाद्याला कधी ना कधी जुन्या खेळांविषयी कुतूहल वाटू लागते. ज्या खेळांपासून हे सारे सुरू झाले ते होते तरी कसे, हे एकदा पाहावे, असे त्याच्या मनात येते. तो कोणा जाणत्याला विचारतो आणि जाणता त्याच्यापुढे पंचवीस-तीस नावांची यादी टाकून मोकळा होतो. तरुण त्यांतील पहिले नाव उचलतो, दहा मिनिटे खेळतो, पडद्यावरील भरड चित्रे पाहून हसतो, तीनदा मरतो आणि खेळ बंद करतो. जुने ते जुनेच, असा त्याचा ग्रह होऊन बसतो आणि पुन्हा म्हणून तो त्या वाटेस जात नाही.

ह्यात दोष तरुणाचा नाही आणि खेळाचाही नाही. दोष असलाच तर शिफारस करण्याच्या पद्धतीचा आहे. पाहुण्याला गाव दाखवावयाचे तर त्याला कोणत्या वेशीतून आत न्यावयाचे, हे आधी ठरवावे लागते. जुन्या खेळांचेही तसेच आहे. कोणता खेळ आधी, कोणता मागाहून आणि आजच्या कोणत्या सवयी दाराबाहेर ठेवावयाच्या, एवढे नीट सांगितले तर तीस नावांची गरज उरत नाही, चार पुरतात. १९९३ चा डूम, १९९६ चा क्वेक आणि १९९८ मधील हाफ-लाइफ व थीफ हे ते चार खेळ होत. ह्याच क्रमाने ते खेळले असता नेमबाजीच्या रसिकास आपल्याला नेमके काय आवडते, हे बहुधा नव्याने उमगते.

प्रथम सवयींविषयी. आजच्या पुष्कळशा खेळांत जखमी झालेला खेळाडू भिंतीआड क्षणभर बसला की आपोआप बरा होतो. २००१ च्या हेलो ह्या खेळात अशी आपोआप भरून निघणारी ढाल होती आणि २००५ च्या कॉल ऑफ ड्यूटी २ ह्या खेळात खेळाडूचे आरोग्यच तसे भरून येऊ लागले. पुढे ही सोय बऱ्याच खेळांनी उचलली. डूममध्ये ती नाही. तेथे खेळाडू निघतो तेव्हा त्याचे आरोग्य शंभर असते, हाती एक पिस्तूल असते आणि गोळ्या पन्नास असतात. आरोग्य एकदा घटले की औषधाची पेटी सापडेपर्यंत ते घटलेलेच राहते. म्हणून तेथे नुसते दडून राहिल्याने काहीच साधत नाही. शिल्लक किती आणि समोर खर्च किती, हा हिशेब मनाशी सतत चालू ठेवावा लागतो. दुसरी सवय वाटाड्याची. आजचा खेळ कोठे जावयाचे ते पडद्यावर खूण करून दाखवितो. डूममध्ये नकाशा आहे, परंतु खेळाडूने जेवढे डोळ्यांनी पाहिले तेवढेच तो दाखवितो. पुढची वाट आपली आपण शोधावी लागते. ह्या दोन सवयी विसरण्याची तयारी असेल तरच पुढे जाण्यात अर्थ आहे.

डूम हा खेळ टेक्सासमधील इड सॉफ्टवेअर ह्या लहानशा कंपनीने तयार केला. १० डिसेंबर १९९३ रोजी तो विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संगणकावर ठेवण्यात आला आणि तेथून लोकांनी तो उतरवून घेतला. पहिला भाग फुकट होता; तो आवडला तर पुढचे भाग विकत घ्यावयाचे, अशी रीत होती. ३८६ जातीचा संगणक आणि चार मेगाबाइट स्मृती एवढ्यावर तो चाले. इतक्या तोकड्या यंत्रावर झपाट्याने हलणारे दृश्य उभे करणे हे मोठे अवघड काम होते. ते साधण्यासाठी जॉन कार्मॅक ह्या आज्ञावलीकाराने एक युक्ती योजिली. खेळातील सारी जागा आधीच लहान लहान तुकड्यांत विभागून ठेवावयाची, म्हणजे कोणती भिंत जवळ आणि कोणती दूर, हे यंत्राला ऐन वेळी शोधीत बसावे लागत नाही. ह्या सोयीसाठी काही किंमतही मोजावी लागली. डूममध्ये जमिनीची पातळी उंच-सखल होते, पण एका खोलीच्या डोक्यावर दुसरी खोली असू शकत नाही. मूळ खेळात मान वर वा खाली करून पाहताही येत नाही. म्हणून रचनाकारांचे सारे कसब जमिनीच्या आराखड्यात उतरले, आणि डूमची गोडी आजही त्या आराखड्यातच आहे.

ह्याचा पुरावा पहिल्याच टप्प्यात मिळतो. तेथे एका खिडकीतून बाहेरचे उघडे आवार दिसते आणि त्या आवारात निळ्या रंगाचे चिलखत ठेवलेले दिसते. वस्तू डोळ्यांसमोर आहे, पण तिकडे जाण्याचे दार कोठे दिसत नाही. वाट आहे, परंतु ती गुप्त आहे आणि ती भिंती चाचपूनच शोधावी लागते. गोळीबाराशी ह्याचा काडीचाही संबंध नाही. तरीही ते चिलखत ज्याच्या हाती लागते त्याला जो आनंद होतो, तो दहा शत्रू मारण्याच्या आनंदाहून कमी नसतो.

शत्रूंचीही गोष्ट अशीच आहे. बुद्धिबळात हत्ती सरळ जातो, उंट तिरपा जातो आणि घोडा अडीच घरे चालतो. डाव रंगतो तो ह्या चालींच्या भेदामुळे. डूममधील राक्षसही आपापल्या चालीने ओळखले जातात. इंप नावाचा राक्षस अग्नीचा गोळा फेकतो. तो गोळा डोळ्यांनी येताना दिसतो, तेव्हा बाजूस सरकून तो चुकविता येतो. बंदूकधारी शिपायाची गोळी दिसतही नाही आणि चुकविताही येत नाही; म्हणून त्याला आधी टिपावे किंवा मध्ये भिंत आणावी. गुलाबी राक्षस नुसता धावून येतो आणि चावतो. त्याच्यापासून अंतर राखले म्हणजे झाले. हे तिघे एका खोलीत एकत्र आले की कोणाला आधी आणि कोणाला मागाहून, हे क्षणार्धात ठरवावे लागते. त्यातही एक गंमत आहे. एका जातीच्या राक्षसाचा मारा दुसऱ्या जातीच्या राक्षसाला लागला तर ते दोघे आपसांत जुंपतात. खो-खोतला चपळ गडी पाठलाग करणाऱ्याला हूल देतो, तशी हूल देऊन ही भांडणे लावून देता येतात. अशा वेळी एकही गोळी न झाडता निम्मी लढाई जिंकता येते.

एक व्यावहारिक सूचना येथेच केलेली बरी. मूळ डूममध्ये माउस पुढे सरकविला की खेळाडूही पुढे चालू लागतो. नवख्याला ह्यामुळे आपण भलतीकडेच चाललो आहोत असे वाटते. ही सोय आधी बंद करावी, चालण्याच्या कळा आजच्या सवयीप्रमाणे लावून घ्याव्यात आणि काठिण्याच्या पाच पातळ्यांपैकी मधली निवडावी. पावलोपावली खेळ नोंदवून ठेवण्याचा मोह टाळून प्रत्येक टप्प्याच्या आरंभीच तो नोंदवावा, म्हणजे चुकीची किंमत कळते. एका संध्याकाळी एकच टप्पा खेळला तरी पुष्कळ झाले.

डूमचा पहिला भाग संपला की क्वेककडे वळावे. हा खेळ त्याच कंपनीने २२ जून १९९६ रोजी प्रसिद्ध केला. डूममध्ये जे नव्हते ते येथे आले. एका दालनावर दुसरे दालन आले, पूल आणि त्याखालून जाणारी वाट आली, आणि मान वर करून छताकडे पाहता येऊ लागले. खेळाच्या आरंभी काठिण्य निवडण्यासाठी शब्दांची यादी समोर येत नाही; समोर वेगवेगळे मार्ग असतात आणि ज्या मार्गाने चालत जावे ती पातळी निवडली जाते. सर्वांत कठीण पातळीचे दार तर दडविलेलेच आहे. जागा हीच येथील भाषा आहे, हे रसिकाला पहिल्या मिनिटातच असे कळून चुकते.

क्वेकमध्ये शत्रूंच्या जाती फार नाहीत, पण प्रत्येकाला उंची आणि खोलीचे ज्ञान आहे असे वाटते. ओगर वरच्या कठड्यावरून हातगोळे टाकतो आणि ते जमिनीवर उसळ्या घेत येतात. फीन्ड दुरून झेप घेतो. शॅम्बलर नावाचा पांढरा धिप्पाड राक्षस दोन्ही हात वर करून वीज सोडतो. तेवढ्यात खांबाआड गेले तर ती वाया जाते, आणि पुढच्या क्षणी बाहेर येऊन आपला मारा करता येतो. खांब, कठडा, जिना ह्यांना येथे शस्त्राइतकेच मोल आहे. ट्रेंट रेझ्नर ह्या संगीतकाराने त्याला जो ध्वनी दिला तोही लक्षपूर्वक ऐकण्याजोगा आहे. तो चाल वा ठेका असलेल्या संगीतापेक्षा एखाद्या ओसाड तळघरात दुरून येणाऱ्या घरघरीसारखा आहे. रसिकाने हा खेळ रात्री, कानांना हेडफोन लावून खेळावा. कान उघडे ठेवण्याची ही सवय त्याला पुढे उपयोगी पडणार आहे.

तिसरा खेळ हाफ-लाइफ. वॉशिंग्टन राज्यातील व्हॉल्व्ह ह्या कंपनीने क्वेकच्याच इंजिनात फेरफार करून तो घडविला आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये तो बाहेर पडला. ह्या शतकाच्या आरंभी आपल्याकडील शहरांतून, सायबर कॅफेंच्या अरुंद खुर्च्यांवर बसून जो काउंटर-स्ट्राइक खेळला जात असे, तो ह्याच हाफ-लाइफच्या आधारे दोन खेळाडूंनी १९९९ मध्ये रचला होता आणि पुढे व्हॉल्व्हने तो स्वतः प्रसिद्ध केला. तेव्हा आज चाळिशीला आलेल्या कित्येकांनी ह्या झाडाचे फळ चाखले आहे. झाड मात्र पाहिलेले नसेल.

हाफ-लाइफचा आरंभ गोळीबाराने होत नाही. गॉर्डन फ्रीमन नावाचा एक शास्त्रज्ञ भुयारातील लहानशा गाडीत बसून आपल्या प्रयोगशाळेकडे जात असतो, आणि कित्येक मिनिटे खेळाडूला फक्त इकडे-तिकडे पाहावयाचे असते. कामावर पोचायला त्याला उशीर झालेला असतो. पुढे प्रयोग फसतो, परक्या सृष्टीतील प्राणी आत शिरतात आणि त्याच्या हाती पहिले हत्यार येते ते लोखंडी पहारीचे. गोष्ट सांगण्यासाठी खेळ मध्येच थांबवून चित्रपट दाखविण्याची रीत येथे नाही. जे घडते ते सारे फ्रीमनच्या डोळ्यांसमोर, त्याच्या भोवती घडते. तो स्वतः अखेरपर्यंत एक शब्दही बोलत नाही.

ह्या खेळातील एक प्रसंग रसिकाने विशेष ध्यानात ठेवावा. अग्निबाणाचे इंजिन तपासण्याच्या एका खोल विहिरीत तीन लांब माना असलेला एक प्राणी बसलेला आहे. त्याच्यावर कितीही गोळ्या झाडल्या तरी व्यर्थ. परंतु तो आंधळा आहे. तो केवळ आवाजावरून वार करतो. धावणाऱ्यावर तो झडप घालतो आणि हळू पावले टाकणारा त्याच्या जवळून सुखरूप जातो. दूरवर हातगोळा फेकला तर तो त्या आवाजाकडे वळतो आणि तेवढ्यात वाट मोकळी होते. शेवटी इंधन, प्राणवायू आणि वीज अशा तिन्हींची जोडणी करून वरच्या इंजिनाच्या ज्वाळेने त्याचा नाश करावयाचा असतो. नेमबाजीच्या खेळाच्या ऐन मध्यावर खेळ जणू सांगतो की, येथे बंदूक खाली ठेव आणि पावलांकडे लक्ष दे. ज्याला हा प्रसंग आवडला त्याची चौथ्या खेळासाठी तयारी झाली, असे समजावे.

तो चौथा खेळ म्हणजे थीफ. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथील लुकिंग ग्लास स्टुडिओज ह्या संस्थेने तो केला आणि तोही १९९८ च्या अखेरीसच आला. ह्यातील नायक गॅरेट हा चोर आहे. त्याच्या कमरेला तलवार आहे, पण दोन पहारेकरी एकदम अंगावर आले तर तिचा फारसा उपयोग होत नाही. त्याचे खरे बळ अंधार आहे. पडद्याच्या तळाशी एक रत्न असते. ते जितके उजळेल तितका गॅरेट इतरांना अधिक दिसतो. पाण्याचा बाण मारून मशाल विझविता येते. शेवाळाचा बाण मारून कठीण फरशी मऊ करता येते. गालिच्यावर पाऊल वाजत नाही, फरशीवर वाजते आणि लोखंडी जाळीवर तर ते खणखणते. पहारेकरी गुणगुणत येतो, ठसकतो, आपल्याशीच पुटपुटतो. त्याच्या आवाजावरून तो किती दूर आहे हे अंधारात उभे राहून ओळखावयाचे असते. पहिल्या मोहिमेत एका उमरावाच्या वाड्यातून राजदंड पळवावयाचा आहे, आणि हाती असलेला नकाशा अगदीच ओबडधोबड आहे. सर्वांत कठीण पातळीवर तर कोणाला ठार मारले की मोहीमच फसली.

नेमबाजीच्या रसिकाला असा खेळ कशाला सांगावयाचा, असे कोणी विचारील. पण डूममध्ये त्याने जागेचा आराखडा वाचला, क्वेकमध्ये उंची आणि आडोसा ओळखला, हाफ-लाइफमध्ये पावलांचा आवाज जाणला. थीफमध्ये ही तीनही कामे तशीच आहेत. गोळी तेवढी काढून टाकलेली आहे. ती काढल्यावरही श्वास रोखला जातो आणि तळहाताला घाम फुटतो, हा अनुभव आला म्हणजे इतके दिवस आपण कशात रमलो होतो, ह्याचा त्याला उलगडा होतो.

एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. जुने झाले म्हणून रक्त फिके होत नाही. ९ डिसेंबर १९९३ रोजी अमेरिकेच्या सिनेटमध्ये खेळांतील हिंसेवर सुनावणी झाली आणि योगायोग असा की, दुसऱ्याच दिवशी डूम लोकांच्या हाती पडला. पुढच्या वर्षी त्या देशात खेळांवर वयाची पातळी छापणारे मंडळ स्थापन झाले. डूम, क्वेक आणि हाफ-लाइफ हे तिन्ही त्याच्या हिशेबी सतरा वर्षांपुढील खेळाडूंचे खेळ आहेत. तेव्हा ही शिफारस जाणत्या वयाच्या रसिकासाठी आहे. घरातील धाकट्यांच्या हाती हे खेळ देण्यापूर्वी मोठ्यांनी ते स्वतः पाहावेत.

ह्या चारांची शिफारस करण्यास आणखी एक कारण आहे: हे चारही खेळ आज मिळतात आणि चालतात. ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन ह्या संस्थेने २०२३ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१० पूर्वी त्या देशात निघालेल्या खेळांपैकी शेकडा ८७ खेळ बाजारात विकत मिळत नाहीत, असे तीत आढळले. त्यांत चांगले खेळही आहेत. २००० साली निघालेला नो वन लिव्ह्स फॉरएव्हर हा हेरगिरीचा, विनोदी ढंगाचा खेळ ह्या यादीत पाचवा म्हणून सहज शोभला असता. त्याची नायिका केट आर्चर ही आपल्या पुरुष सहकाऱ्यांच्या तुच्छतेला कामगिरीने उत्तर देते. पण त्या खेळाचे हक्क अनेक कंपन्यांत विखुरले आणि त्यांचा गुंता न सुटल्याने तो कोणत्याही दुकानात रीतसर विकत मिळत नाही. पुस्तक दुर्मीळ झाले तरी एखाद्या ग्रंथालयाच्या कपाटात त्याची प्रत सापडते. खेळाची तबकडी सापडली तरी ती चालविणारे यंत्र आणि आज्ञावल्या तोवर बदललेल्या असतात.

डूम वाचला तो त्याच्या निर्मात्यांच्या उदारपणामुळे. डिसेंबर १९९७ मध्ये त्याची मूळ आज्ञावली सर्वांसाठी खुली करण्यात आली. मग हौशी लोकांनी तो नव्या यंत्रांवर आणला, आणि थट्टेने का होईना, कॅल्क्युलेटर व प्रिंटर ह्यांच्या इवल्याशा पडद्यांवरही चालवून दाखविला. थीफची कहाणी निराळी आहे. त्याची निर्माती संस्था २००० च्या मे महिन्यात बंद पडली. २०१२ मध्ये नाव न सांगणाऱ्या कोणा हितचिंतकाने त्या घराण्याच्या खेळांसाठी दुरुस्ती तयार करून लोकांपुढे ठेवली, म्हणून आजच्या संगणकांवर ते खेळ नीट चालतात. रसिकाने हे खेळ रीतसर विकत घ्यावेत, खेळावेत आणि दुसऱ्याला सांगावेत. ज्या खेळाला कोणी खेळणारा उरत नाही त्याच्या दुरुस्तीसाठीही कोणी रात्री जागवीत नाही.

चौथा खेळ संपला की रसिकाने एकदा पुन्हा डूमकडे परत यावे. पहिल्या खेपेस त्याच्या ध्यानात न आलेली एक गोष्ट आता त्याला दिसेल. डूममधील राक्षस बंदुकीचा आवाज ऐकतात. खेळाडूने गोळी झाडली की तिचा आवाज उघड्या दारांतून, एका दालनातून दुसऱ्या दालनात जातो आणि तेथे स्वस्थ उभे असलेले राक्षस त्याच्या शोधात निघतात. गोळी झाडली नाही तर त्यांतील कित्येक पाठ फिरवून तसेच उभे राहतात. पहिल्या खेपेस त्याने दार उघडताच बंदूक चालविली होती. आता तो उंबरठ्यावर क्षणभर थांबेल, आत कोण कोठे आहे ते पाहील, खांब कोठे आणि परतीची वाट कोठे हे मनाशी नोंदील, आणि मगच ठरवील की पहिली गोळी आता झाडावयाची की नाही.